चॅट सर्व्हरमधला एसआरव्ही लुकअप टेस्ट कसा करता? टेस्ट हिरवी, पण कनेक्शन जुन्याच मशीनवर जातंय

कळफलक

नमस्कार मंडळी. दोन दिवस यातच अडकलोय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आम्ही एक छोटा एक्सएमपीपी (चॅटचा खुला प्रोटोकॉल) चॅट सर्व्हर पायथनमध्ये लिहिलाय, डीएनएससाठी, म्हणजे नावावरून मशीनचा पत्ता शोधायला, डीएनएसपायथन लायब्ररी वापरतो. आमचेच दोन डोमेन आहेत, दोघांचे वेगळे सर्व्हर, आणि ते एकमेकांशी सर्व्हर-टू-सर्व्हर बोलतात. मागच्या आठवड्यात दुसऱ्या डोमेनचा सर्व्हर नवीन मशीनवर हलवला. एसआरव्ही रेकॉर्ड, म्हणजे डोमेनची सेवा कुठल्या मशीनवर आणि पोर्टवर आहे ते सांगणारी डीएनएसमधली नोंद, बदलला: _एक्सएमपीपी-सर्व्हर._टीसीपी, प्रायॉरिटी १०, वेट ०, पोर्ट ५२६९, टार्गेट नवीन मशीनचं नाव. टीटीएल, म्हणजे उत्तर किती वेळ साठवून ठेवायचं ते, फक्त ३०० सेकंद. एक दिवस उलटून गेला तरी पहिला सर्व्हर अजून जुन्या मशीनलाच कनेक्ट करतोय. त्याच मशीनवर बसून डिग (डीएनएसला थेट विचारणारी कमांड) मारला तर रेकॉर्ड एकदम बरोबर दिसतो, नवीन नाव, नवीन आयपी. सर्व्हर रीस्टार्ट केला, तरी तेच.

सगळ्यात त्रास याचा होतोय की या भागाची टेस्ट आहे आणि ती हिरवी आहे. टेस्ट अशी: दुसऱ्या डोमेनचं नाव द्यायचं, लुकअप फंक्शन चालवायचं, जो पत्ता मिळेल तिथे कनेक्शन उघडायचं, समोरून स्ट्रीमचं उत्तर आलं की पास. माझ्या लॅपटॉपवर कायम पास होते, सीआयमध्ये (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या मशीनवर) मात्र कधीमधी टाइमआऊट येऊन लाल होते म्हणून मी तीन वेळा रीट्राय लावून ठेवलाय.

कोडचा क्रम असा की एसआरव्ही क्वेरी, मग प्रायॉरिटीने सॉर्ट, मग एकाच प्रायॉरिटीतल्यांमध्ये वेटप्रमाणे (जास्त वेट, जास्त संधी) निवड, मग एकेक करून कनेक्ट, आणि रेकॉर्डच नसले तर थेट डोमेनचा ए रेकॉर्ड (नावाचा आयपी पत्ता) घेऊन ५२६९ वर, हा फॉलबॅक.

दोन प्रश्न आहेत. हे जुन्या मशीनवर का जातंय? आणि एसआरव्ही लुकअपची टेस्ट तुम्ही लोक नक्की कशी लिहिता, खऱ्या डीएनएसवर की खोटा रिझॉल्व्हर (डीएनएसला विचारून उत्तर आणणारा भाग) लावून? खोटा लावला तर मग टेस्ट कशाची केली असा प्रश्न मला पडतो.

---

दीपमाळ

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या दुसऱ्या परिच्छेदातच कुठेतरी असणार असं वाटतंय. आधी तीन गोष्टी सांगा.

एक, डोमेनचा स्वतःचा ए रेकॉर्ड कुठल्या मशीनकडे बोट दाखवतोय, जुन्या की नवीन? दोन, टेस्टमध्ये कनेक्शन *कुठे* लागलं हे तपासता का, की फक्त लागलं एवढंच बघता? तीन, वेटवाली निवड करणारा कोड टाका, आणि तो ज्या ट्राय ब्लॉकमध्ये आहे तोही टाका.

डिग बरोबर दाखवतोय म्हणजे डीएनएसचं काम झालं. उत्तर मिळाल्यावर तुमचा सर्व्हर त्याचं काय करतो तिथे गडबड आहे. रीट्राय मात्र आजच काढून टाका. तीनदा विचारून एकदा बरोबर आलं तर ते बरोबर कसं म्हणायचं, उरलेल्या दोन वेळा काय झालं तेच तर आपल्याला हवं असतं.

---

कळफलक

ए रेकॉर्ड अजून जुन्याच मशीनकडे आहे, कारण त्या डोमेनची वेबसाइट तिथेच चालते, ती हलवायची नव्हती. आणि नाही, कुठे लागलं ते तपासत नाही, फक्त स्ट्रीमचं उत्तर बघतो. जुन्या मशीनवर जुना सर्व्हर अजून चालू ठेवलाय, खबरदारी म्हणून.

निवडीचा कोड शब्दात सांगतो. एकाच प्रायॉरिटीचे रेकॉर्ड घेतो, त्यांच्या वेटची बेरीज करतो, मग रँडम.रँडइंट(१, बेरीज), आणि चालती बेरीज त्या आकड्याएवढी किंवा त्याहून मोठी झाली की तो रेकॉर्ड उचलतो. बाहेरून ट्राय आहे, आणि एक्सेप्ट एक्सेप्शन आलं की रिकामी यादी परत करतो, कारण डीएनएसच्या लायब्ररीतून खूप प्रकारचे एरर येतात, सगळे वेगवेगळे पकडायला कंटाळा केला होता.

---

दीपमाळ

सापडला. तुमचा एकच रेकॉर्ड आहे आणि त्याचं वेट ०. बेरीज ०. म्हणजे रँडइंट(१, ०). पायथन तिथे व्हॅल्यूएरर टाकतं कारण १ ते ० अशी रेंजच नसते. तो एरर तुमच्या बाहेरच्या एक्सेप्टने गिळला, रिकामी यादी परत आली, वरच्या कोडला वाटलं एसआरव्ही रेकॉर्डच नाहीत, मग ए रेकॉर्ड, मग ५२६९, मग जुनं मशीन. डीएनएसने बिचाऱ्याने सगळं बरोबर सांगितलं होतं.

आणि आता यातली खरी वाईट गोष्ट बघा. हे मागच्या आठवड्यापासून बिघडलेलं नाही. तुमचा एसआरव्हीचा कोड *पहिल्या दिवसापासून* कधीच चाललेला नाही. आधी ए रेकॉर्ड आणि एसआरव्हीचं टार्गेट एकाच मशीनवर जात होते आणि पोर्टही डिफॉल्टच होता, म्हणून फॉलबॅकने गेलं काय किंवा एसआरव्हीने गेलं काय, पोचायचं ठिकाण एकच. टेस्टसुद्धा त्याच रस्त्याने हिरवी होत होती.

वेट ० हे काही चमत्कारिक प्रकरण नाही बरं का, आरएफसी २७८२ मध्येच, म्हणजे एसआरव्हीच्या अधिकृत दस्तऐवजात, लिहिलंय की निवड करायचीच नसेल तर वेट ० ठेवा, म्हणजे रेकॉर्ड वाचणाऱ्या माणसाला सोपं जातं. एकच सर्व्हर असलेले खूप जण असंच ठेवतात.

दुरुस्ती: रँडम आकडा १ पासून नाही, ० पासून बेरजेपर्यंत, दोन्ही टोकं धरून घ्यायचा. आणि वेट ० वाले रेकॉर्ड यादीत आधी ठेवायचे, म्हणजे ० आकडा आला तर त्यांना अगदी थोडी का होईना संधी मिळते. आरएफसीमधली पद्धत तशीच आहे.

---

पॅकेटवाली

दीपमाळ यांनी मुद्द्यावर बोट ठेवलंय. मी टेस्टच्या बाजूने लिहिते कारण गेली काही वर्षं हेच काम करतेय, आणि या बाबतीत माझं मत ठाम आहे.

"खोटा रिझॉल्व्हर लावला तर टेस्ट कशाची" असं तुम्ही विचारलंत. टेस्ट तुमच्या निर्णयांची. डीएनएस उत्तर देतं, पण त्या उत्तरावर कुठे जायचं, कुठल्या क्रमाने, कधी थांबायचं, कधी फॉलबॅक करायचा हे सगळं तुमचा कोड ठरवतो, आणि बग तिथेच असतात. खऱ्या डीएनएसवर तुम्हाला हव्या त्या वेळी सर्व्हफेल (डीएनएस सर्व्हरला उत्तर देता आलं नाही हा एरर) आणता येत नाही, बारा रेकॉर्ड आणता येत नाहीत, टाइमआऊट आणता येत नाही. म्हणून लुकअप करणारं फंक्शन बाहेरून आत द्या. निवडणारं फंक्शन वेगळं काढा, त्याला फक्त रेकॉर्डची यादी आणि रँडम आकडा देणारं फंक्शन मिळावं, नेटवर्कचा वाससुद्धा नको. कनेक्ट करणारा तिसरा तुकडा.

रँडम बाहेरून द्यायचं कारण सांगते. बरेच जण ६०-४० वेटचे दोन रेकॉर्ड घेऊन १०,००० वेळा निवड करतात आणि ६० वाला ६,००० च्या आसपास आला का बघतात. अशी टेस्ट एक असू द्या, पण सूट नीट मोजून द्या. १०,००० वेळांना स्टँडर्ड डेव्हिएशन साधारण ४९ येतं, त्यामुळे ±५० ठेवलंत तर टेस्ट सतत उगाच लाल होईल, ±२०० ठेवा. शिवाय ० ते १०० असे १०१ आकडे होतात, म्हणून ६० वाला यादीत पहिला असेल तर त्याच्या वाट्याला ६१ आकडे येतात, अपेक्षित आकडा ६,००० नसून ६,०४० च्या जवळ. एवढ्या फरकाने कुणाचं बिघडत नाही, पण माहीत नसलं की माणूस तासन् तास डोकं खाजवत बसतो.

त्यापेक्षा कडा तपासा. ६० आणि ४० असे रेकॉर्ड, रँडमने ६० दिला तर पहिला यायला हवा, ६१ दिला तर दुसरा, १०० दिला तरी दुसरा. मग पुढे एक वेट ० चा जोडा: ० आला तर तो, १ आला तर ६० वाला. मग सगळेच वेट ०. मग एकटा वेट ०, ज्याने तुम्हाला दोन दिवस छळलं. या पाच-सहा टेस्ट एका सेकंदाच्या आत चालतात आणि कधीही उगाच लाल होत नाहीत.

अजून एक जागा जिथे लोक घसरतात: पहिला निवडला की काम संपत नाही. निवडलेला रेकॉर्ड यादीतून काढून उरलेल्यांची बेरीज *पुन्हा* करून पुढचा निवडायचा, असं करत त्या प्रायॉरिटीतल्या सगळ्यांचा क्रम लावायचा, मग पुढची प्रायॉरिटी. खूप ठिकाणी मी बघितलंय की एकच निवडतात आणि तो बंद असला की हात वर करतात. मग एसआरव्हीने दिलेला दुसरा सर्व्हर कशाला होता?

प्रायॉरिटी लहान आकडा आधी, हे माहीत असेलच. पण ९ आणि १० ची टेस्ट घाला. रेकॉर्ड कुठल्या कॉन्फिगमधून स्ट्रिंग म्हणून आला असेल तर १० हा ९ च्या आधी लागतो, आणि १० व २० घेऊन केलेल्या टेस्टमध्ये ते कधीच दिसत नाही.

---

तळघर

पॅकेटवाली ताईंचं सगळं पटलं, पण मी खऱ्या डीएनएसच्या बाजूने थोडं भांडतो. म्हणजे इंटरनेटवरचा नाही, आपल्याच मशीनवर उभा केलेला. खोट्या रिझॉल्व्हरने निर्णय तपासून होतात, पण लायब्ररी आणि आपला कोड यांच्यामधली शिवण तपासून होत नाही. उदाहरणार्थ टार्गेटच्या शेवटी जो टिंब येतो तो काढून टाकायचा की ठेवायचा यात आमचं सर्टिफिकेटचं नाव जुळत नव्हतं, आणि खोट्या रिझॉल्व्हरमध्ये आम्हीच हाताने बिनटिंबाचं नाव लिहिलं होतं, त्यामुळे टेस्टला कधी कळलंच नाही.

आम्ही टेस्टच्या सुरुवातीला डीएनएसमास्क (छोटा डीएनएस सर्व्हर) उभा करतो, संपल्यावर मारून टाकतो. यात जिथे जिथे ठेच लागली ते सांगतो म्हणजे तुमचा वेळ वाचेल.

डीएनएसमास्कच्या एसआरव्ही-होस्ट ओळीत क्रम टार्गेट, पोर्ट, प्रायॉरिटी, वेट असा आहे. झोन फाइलमध्ये (डोमेनच्या नोंदींची फाइल) आणि डिगच्या उत्तरात प्रायॉरिटी, वेट, पोर्ट, टार्गेट. एकातून दुसऱ्यात कॉपी करताना आकडे हमखास उलटेपालटे होतात, आणि काही एरर येत नाही कारण ५२६९ ही प्रायॉरिटी म्हणूनसुद्धा चालते. झोन फाइल वापरत असाल तर टार्गेटच्या शेवटी टिंब द्या, नाहीतर चॅट.एक्झाम्पल.टेस्ट चं चॅट.एक्झाम्पल.टेस्ट.एक्झाम्पल.टेस्ट होतं.

पोर्ट ५३५३ घेऊ नका. ५३ ला रूट लागतो म्हणून सगळे सवयीने ५३५३ घेतात, पण तो मल्टिकास्ट डीएनएसचा पोर्ट आहे आणि बऱ्याच मशीनवर कुणीतरी आधीच तिथे बसलेलं असतं. १५३५३ वगैरे काहीतरी घ्या, किंवा मोकळा पोर्ट शोधून द्या.

डोमेन कायम .टेस्ट मधलं घ्या. १९९९ च्या आरएफसी २६०६ ने ते राखून ठेवलंय, खऱ्या इंटरनेटवर ते कधीच कुणाला मिळणार नाही, म्हणजे टेस्टमधून चुकून एखादी क्वेरी बाहेर गेली तरी कुणाच्या खऱ्या सर्व्हरवर जाऊन धडकणार नाही. फक्त अनबाउंड (दुसरा एक डीएनएस रिझॉल्व्हर) वापरणार असाल तर तो .टेस्ट ला स्वतःहून "असं नाव नाही" असं उत्तर देतो, त्याला आपला लोकल झोन वेगळा सांगावा लागतो. यात माझी एक अख्खी दुपार गेली.

आणि होस्ट्स फाइलमध्ये नावं लिहून एसआरव्हीची टेस्ट होत नाही. तिथे फक्त नाव आणि आयपी असतो, एसआरव्ही नावाची गोष्टच नाही. सीआयमध्ये हे करून ठेवलेलं मी बघितलंय, आणि तिथेही टेस्ट हिरवीच होती, फॉलबॅकच्या कृपेने.

---

कळफलक

बाप रे. वेट ० चं दीपमाळनी सांगितलं तसंच निघालं, लॉगमध्ये एक्सेप्शन छापून बघितलं तर व्हॅल्यूएरर, रिकामी रेंज. ० पासून केलं आणि कनेक्शन पहिल्या फटक्यात नवीन मशीनवर गेलं. मनापासून आभार.

पण आता टेस्ट नीट करायचीच आहे. तळघर यांचा डीएनएसमास्कवाला मार्ग घेतला, तर "फॉलबॅकच्या कृपेने हिरवी" हे परत होणार नाही असं कसं करायचं? माझ्या टेस्ट मशीनवर सगळं १२७.०.०.१ वरच असणार ना.

आणि दुसरं, एक्सेप्ट एक्सेप्शन काढलं तर आता मला ठरवावं लागेल की कुठल्या एररला फॉलबॅक करायचा आणि कुठल्याला नाही. तिथे गोंधळ आहे.

---

तळघर

पहिल्याचं सोपं आहे. टेस्टमध्ये फॉलबॅकचा रस्ता मुद्दाम तोडून ठेवा. एसआरव्हीमध्ये पोर्ट ५२६९ ठेवूच नका, १५२६९ द्या, आणि खोटा चॅट सर्व्हर फक्त तिथेच ऐकत असू द्या. डोमेनच्या ए रेकॉर्डला १२७.०.०.२ द्या आणि तिथे ५२६९ वर दुसरा छोटा सर्व्हर ठेवा ज्याचं काम एकच, कुणी आलं की टेस्ट लाल करायची. लिनक्सवर १२७ ने सुरू होणारे सगळे पत्ते लूपबॅकच, म्हणजे मशीनचे स्वतःचेच, असतात म्हणून हे आपोआप चालतं, मॅकवर मात्र १२७.०.०.१ सोडून बाकीचे हाताने जोडावे लागतात, नाहीतर "माझ्याकडे चालत नाही" सुरू होतं.

फॉलबॅकची टेस्ट वेगळी लिहा, तिथे एसआरव्ही रेकॉर्ड काढून टाका आणि १२७.०.०.२ वरच जायला हवं असं तपासा. दोन्ही दिशांनी.

---

पॅकेटवाली

हो, १२७.०.०.२ वर असा पहारेकरी ठेवायची कल्पना फार चांगली आहे, मीही उचलणार.

एररचं सांगते. "रेकॉर्ड मिळाला नाही" हे एकच वाक्य वाटतं, पण त्यात चार-पाच वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात आणि तुमच्या जुन्या कोडने त्या सगळ्यांची एकच रिकामी यादी करून टाकली होती.

नावच अस्तित्वात नाही, म्हणजे एनएक्सडोमेन. नाव आहे पण त्याला एसआरव्ही प्रकारचा रेकॉर्ड नाही, डीएनएसपायथनमध्ये हे नोआन्सर म्हणून येतं. या दोन्हींचा अर्थ सरळ आहे, डोमेनवाल्याने एसआरव्ही लावलेलं नाही, फॉलबॅक करा. दोन्हींची टेस्ट वेगळी हवी कारण लायब्ररीतून येणारे एक्सेप्शन वेगळे आहेत आणि एक पकडून दुसरं विसरणं फार सोपं आहे.

मग रेकॉर्ड आहे पण टार्गेट नुसता एक टिंब. हा अर्थपूर्ण निरोप आहे: "ही सेवा आमच्याकडे नाही." इथे फॉलबॅक *करायचा नाही*, तिथल्या तिथे थांबायचं. ही टेस्ट जवळजवळ कुणी लिहीत नाही. त्याचं होतं असं की कोड टिंबालाच होस्टचं नाव समजून त्याचा ए रेकॉर्ड शोधायला जातो, किंवा शेवटचा टिंब काढायच्या नादात नाव रिकामं होतं आणि रिकाम्या नावाला कनेक्ट म्हणजे काही ठिकाणी स्वतःच्याच मशीनला कनेक्ट.

मग रेकॉर्ड व्यवस्थित मिळाले पण एकाही टार्गेटला कनेक्शन लागलं नाही. आरएफसी ६१२० म्हणजे २०११ चा एक्सएमपीपीचा मुख्य दस्तऐवज इथे सांगतो की फॉलबॅक करू नये. डोमेनवाल्याने सांगितलंय ना कुठे यायचं ते, तिथे दार बंद असेल तर बाजूच्या घरात घुसायचं नाही. तुमच्या बाबतीत तर बाजूचं घर म्हणजे वेबसाइटचं मशीन.

शेवटी टाइमआऊट आणि सर्व्हफेल. क्वेरीला उत्तरच आलं नाही तर तोच दस्तऐवज फॉलबॅकला मोकळीक देतो. सर्व्हफेलचं मात्र मी स्वतः वेगळं ठेवते: थोडं थांबून परत विचारायचं, तरी तेच आलं तर चूक म्हणून लॉग करायचं. डीएनएससेकची, म्हणजे उत्तर खरं आहे हे दाखवणारी, सही जुळली नाही तरी तपासणारा रिझॉल्व्हर सर्व्हफेलच देतो, तिथे गुपचूप दुसऱ्या रस्त्याने जाणं मला बरोबर वाटत नाही. डीएनएसपायथनमध्ये सगळ्या नेमसर्व्हरनी सर्व्हफेल दिलं तर नोनेमसर्व्हर्स असं नाव असलेलं एक्सेप्शन येतं, नावावरून लोकांना वाटतं आपलं कॉन्फिगच चुकलंय.

---

दीपमाळ

सर्व्हफेलच्या बाबतीत मी थोडा वेगळा विचार करतो. क्लायंट बाजूला, म्हणजे माणूस फोन हातात घेऊन लॉगिन व्हायची वाट बघतोय तिथे, मी सर्व्हफेलला पण फॉलबॅक करू देईन, कारण सर्टिफिकेट डोमेनच्या नावाशी तपासतोच आहोत, चुकीच्या मशीनवर गेलो तरी टीएलएस (कनेक्शन सुरक्षित करणारा थर) पुढे जाऊ देणार नाही. सर्व्हर-टू-सर्व्हरला घाई नसते, तिथे पॅकेटवाली यांचं बरोबर. पण काहीही ठरवा, त्याची टेस्ट लिहा, म्हणजे निदान ते *ठरवलेलं* आहे हे पुढच्या माणसाला कळेल.

सर्टिफिकेट निघालंच आहे तर, ही सगळ्यात महत्त्वाची टेस्ट आणि यावर कुणी बोललं नाही. सर्टिफिकेट एसआरव्हीच्या *टार्गेटशी* जुळवायचं नाही. ज्या डोमेनशी बोलायला निघालो त्याच्याशी जुळवायचं. साधं डीएनएस कुणीही मध्ये बसून बदलू शकतो, तो एसआरव्हीमध्ये स्वतःच्या मशीनचं नाव टाकेल आणि त्या नावाचं एकदम खरं सर्टिफिकेट दाखवेल, टार्गेटशी जुळवलंत तर तुम्ही आनंदाने आत घ्याल.

म्हणून दोन खोटे सर्व्हर. एकाच्या सर्टिफिकेटवर फक्त डोमेनचं नाव, तो स्वीकारला गेला पाहिजे. दुसऱ्यावर फक्त टार्गेटचं नाव, तो नाकारला गेला *पाहिजे*. तुमच्या पायथनच्या टीएलएस कोडमध्ये सर्व्हर-होस्टनेम म्हणून काय देताय ते आत्ता जाऊन बघा, कनेक्ट करताना जे होस्टचं नाव हाताशी असतं तेच तिथे दिलं जातं आणि हे भोक तयार होतं. आणि टेस्टमध्ये सर्टिफिकेट तपासणी बंद करून ठेवायची सवय असेल तर इथे तरी ती चालू करा, आपली टेस्टपुरती सीए (सर्टिफिकेटवर सही करणारी) बनवायला दहा मिनिटं लागतात.

---

रात्रपाळी

उशिरा आलो. मी चॅट सर्व्हर चालवतो, लिहीत नाही, पण तीन गोष्टी अनुभवातून.

सीआयमध्ये कधीमधी टाइमआऊट येतो त्यात कंटेनरचा स्वतःचा रिझॉल्व्हर मध्ये असतो हे लक्षात घ्या, डॉकरच्या आपण बनवलेल्या नेटवर्कमध्ये १२७.०.०.११ वर तो बसलेला असतो आणि क्वेरी पुढे ढकलतो. आता लोकल डीएनएसमास्क केलात तर रिझॉल्व्हरचा पत्ता आणि पोर्ट कोडला थेट द्या, सिस्टिमच्या सेटिंगवर अवलंबून राहू नका.

दुसरं निगेटिव्ह कॅश. रेकॉर्ड टाकायच्या *आधी* कुणी क्वेरी मारली तर "नाही" हे उत्तरसुद्धा साठवलं जातं, आणि किती वेळ ते झोनच्या एसओए (झोनची मूळ माहिती देणाऱ्या) रेकॉर्डवरून ठरतं, तुमच्या ३०० सेकंदांशी त्याचा संबंध नाही. रेकॉर्ड टाकून लगेच टेस्ट चालवणारी स्क्रिप्ट असेल तर यात हमखास फसते. तुमच्या सर्व्हरच्या आत स्वतःचा कॅश असेल तर त्याचीही टेस्ट हवी: आधी नाही, मग आहे, मध्ये घड्याळ पुढे सरकवा.

तिसरं मोठं उत्तर. यूडीपीवर जुनी मर्यादा ५१२ बाइटची, एसआरव्हीची टार्गेट नावं कॉम्प्रेस होत नाहीत, त्यामुळे १२-१५ रेकॉर्ड झाले की उत्तर कापलं जाऊ शकतं आणि टीसीपीवर परत विचारावं लागतं. डीएनएसपायथनची साधी रिझॉल्व्ह पद्धत ते आपोआप करते, पण कुणी खालच्या पातळीवरचं यूडीपी फंक्शन वापरलं असेल तर नाही. डीएनएसमास्कमध्ये वीस रेकॉर्ड टाकून वीसच परत आले का बघा, एका ओळीची टेस्ट आहे.

---

पॅकेटवाली

यादीत अजून एक. टार्गेट हा सीनेम (दुसऱ्या नावाचं टोपणनाव) नसावा असं आरएफसी २७८२ म्हणतो, पण लोक लावतात. मी यावर एरर देत नाही, कनेक्ट होऊ देते आणि लॉगमध्ये इशारा लिहिते. आणि टार्गेटला फक्त आयपीव्ही-६ चा पत्ता असला तर काय, आणि दोन्ही असून पहिला बंद असला तर दुसरा बघतो का, हेही घ्या.

पुढे कधी एक्सईपी-०३६८ म्हणजे थेट टीएलएसवाले _एक्सएमपीपीएस रेकॉर्ड घेणार असाल तर दोन्ही प्रकारचे रेकॉर्ड *एकत्र* करून प्रायॉरिटी लावायची असते. आधी एक यादी संपवून मग दुसरी, असं नाही. आत्ताच रेकॉर्डबरोबर "थेट टीएलएस आहे का" ही खूण ठेवायची जागा करून ठेवा, नंतर निवडीचा कोड उसवावा लागणार नाही.

---

कळफलक

तीन दिवसांनी परत आलो, काय झालं ते सांगतो.

निवडीचं फंक्शन वेगळं काढलं, १४ टेस्ट झाल्या, सगळ्या मिळून पाव सेकंदात चालतात. ९ आणि १० वाली टेस्ट पास झाली, पण दुसऱ्यांदा बेरीज करायची राहिली होती ती सापडली, मी पहिल्याच बेरजेवर पुढची निवड करत होतो, त्यामुळे कधीकधी शेवटचा रेकॉर्ड यादीतून गायबच व्हायचा.

डीएनएसमास्क लावला, पहारेकरी १२७.०.०.२ वर बसवला. पहारेकऱ्याने पहिल्याच दिवशी एक पकडला: सगळे टार्गेट बंद असले की माझा कोड फॉलबॅक करत होता. काढला. टिंबवाल्या टार्गेटचंही पॅकेटवाली म्हणाल्या तेच, टिंब काढून नाव रिकामं होत होतं.

आणि दीपमाळ, सर्व्हर-होस्टनेममध्ये टार्गेटच दिलेलं होतं. एवढे दिवस. फॉलबॅकमुळे टार्गेट आणि डोमेन एकच असायचे म्हणून सर्टिफिकेट जुळत होतं, आणि वेट ० चा बग दुरुस्त केल्यावर नवीन मशीनवर जुळलं कारण त्या सर्टिफिकेटवर आम्ही दोन्ही नावं घातली होती. फक्त डोमेनचं नाव असलेला खोटा सर्व्हर लावला तेव्हा नाकारला, आणि फक्त टार्गेटचं नाव असलेला स्वीकारला, बरोब्बर उलटं. ते काल रात्रीच दुरुस्त करून दोन्ही सर्व्हरवर टाकलं.

सर्व्हफेलला सर्व्हर-टू-सर्व्हरमध्ये ५ सेकंद थांबून दोनदा विचारतो, मग लॉग. वीस रेकॉर्डवाली टेस्ट पास आहे. आयपीव्ही-६ ची अजून लिहायची आहे, सीआयच्या मशीनवर आयपीव्ही-६ चा लूपबॅकच बंद दिसतोय, ते चालू कसं करायचं कुणाला माहीत असेल तर सांगा.

---

तळघर

कंटेनरमध्ये असेल तर सिसकंट्रोलमधली (लिनक्सच्या कर्नलच्या सेटिंगमधली) डिसेबल_आयपीव्ही६ ही किंमत बघा, १ असेल तर कंटेनर सुरू करतानाच ० करून द्या, आतून बदलायला बहुतेक वेळा परवानगी नसते. तोपर्यंत ती टेस्ट स्किप करा, पण स्किप झाली हे सीआयच्या निकालात ठळक दिसू द्या.